सायलेन्सर न बदलता

[पडदा काळा. फक्त आवाज : मोबाइलवर टिपलेली गाडी.]

हा आवाज गाडीचा आहे, एवढं कळलं. पण गाडी कोणती? जुनी की नवी, छोटी की मोठी? काही सांगता येत नाही. रेस दिली त्या क्षणी आवाज फाटला आणि लगेच कुणीतरी त्याच्यावर उशी दाबल्यासारखा बसला.

[आवाज तुटतो. दुसरा सुरू होतो. चित्र उजळतं : डांबरी रस्ता, कोवळं ऊन, पांढरी स्विफ्ट.]

आता हा ऐका. गाडी तीच, चालवणारा तोच. आणि सायलेन्सर? शोरूममधून निघताना होता तोच.

नागपुरात गाडीच्या आवाजाचा विषय निघाला की बोलणं फिरून सायलेन्सरवरच येतं. "भाऊ, हा डब्बा काढून फेक ना, मग पाह्य कसा आवाज येते!" संध्याकाळी फुटाळा तलावावर गेलात तर या सल्ल्याचे परिणाम कानांनी मोजता येतात. बुलेटची फायरिंग, मध्येच एखादा फटाका, आणि शेजारी फोन धरून उभं असलेलं एक पोट्टं. घरी जाऊन ते व्हिडिओ बघतं आणि म्हणतं, गाडीत दम नाही. दम गाडीत भरपूर असतो. फोनने तो गिळलेला असतो.

फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बसवलेला. आवाज वाढला की फोन आपोआप पातळी खाली ओढतो, कमी झाला की वर उचलतो. रेस दिली की दाबला, सोडली की फुगवला. त्यात गोंगाट कमी करणारी सोय असते, ती तर इंजिनाच्या एकसारख्या घरघरीलाच गोंगाट समजते आणि पुसायला लागते. काही फोनमध्ये या दोन्ही गोष्टी बंद करता येतात, पातळी हाताने ठेवता येते. माइकवर पैसे खर्च करण्याआधी तेवढं जरूर करून बघा.

पण टिपायचं नेमकं काय?

[दोन स्विफ्ट शेजारी-शेजारी. एक जुनी, एक नवी.]

या दोन गाड्या बघा. नाव एकच, इंजिनाची क्षमताही एकच, ११९७ सीसी. फरक असा, की जुनीत चार सिलिंडर आहेत आणि २०२४ साली आलेल्या नवीत तीन. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) चार सिलिंडरची गाडी सेकंदाला १०० वेळा पेटते आणि तीनची ७५ वेळा. हाच त्या गाडीचा मूळ सूर. १०० हर्ट्झ आणि ७५ हर्ट्झ; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. आता आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू, ८०० आरपीएमच्या आसपास या. चारवाली २७ हर्ट्झच्या जवळ, तीनवाली बरोबर २० वर. माणसाचा कान साधारण तिथेच थांबतो. म्हणून नव्या स्विफ्टचं आयडलिंग कानापेक्षा सीटमधून जास्त कळतं.

गंमत पुढे आहे. तुम्ही हा व्हिडिओ फोनवर बघत असाल, तर १०० हर्ट्झसुद्धा तुमच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. तरी गाडी ओळखू येते, कारण मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी सूर निघतात आणि मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर जोडून घेतो. त्या वरच्या सुरांतच गाडीची ओळख असते. माइक असा लावायचा की ते शाबूत राहतील.

[नागपूरजवळचं बुटीबोरी. एमआयडीसीतला आतला रस्ता. सुट्टीचा दिवस.]

जागा शोधण्यात माइकपेक्षा जास्त डोकं लागतं. नागपूर शहरातले रस्ते आता बरेचसे सिमेंटचे. चालवायला ठीक, ध्वनिमुद्रणाला त्रासाचे. एकसारख्या वेगाने चालणारी आजची गाडी ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिनापेक्षा टायरचाच आवाज मोठा होतो. सिमेंटवर तो आणखी सळसळतो, वर जोड आला की टक्, टक्. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल सगळ्यांना खुणावतो. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. तिथे आवाज घुमतो आणि घुमलेला आवाज कानाला मोठा वाटतो, म्हणून पोरं तिथेच रेस देतात. पण घुमलेला आवाज मागाहून वेगळा काढता येत नाही. कोरडा टिपला तर संगणकावर हवा तेवढा घुमवता येतो. समृद्धी महामार्गाचं नाव तर काढूच नका. तिथे उगाच थांबायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

म्हणून बुटीबोरी. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना बंद गेट, जवळ घरं नाहीत. रस्ता कारखान्यांचा आहे, तेव्हा वॉचमनला आधी सांगून ठेवलं. त्याचा प्रश्न सरळ होता : "गाडी बिघडली का?"

डिसेंबरची सकाळ होती. कुणालाही वाटेल, पहाटे पाचला जावं, शांतता असते. इथे नागपूरची थंडी आडवी येते. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्या वरचा थर त्यामानाने उबदार. अशा हवेत वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि लांब लांब पोचतो. नागपूर-वर्धा रेल्वेमार्ग बुटीबोरीवरूनच जातो. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई, या दोन्ही मार्गांची वाहतूक याच पट्ट्यात. कानाला शांत वाटणाऱ्या त्या पहाटे माइकमध्ये मालगाडी अशी येते की जणू पलीकडच्या गल्लीत उभी आहे. सूर्य वर आला, जमीन तापायला लागली की तो थर मोडतो आणि रेल्वे मागे सरकते. म्हणून काम सुरू झालं ते ऊन अंगावर आल्यावर. तोवर चहा.

[जवळून : बोनेट उघडलेलं, माइक लावणारे हात.]

तीन माइक. पहिला मागे. गाडी उभी असताना सायलेन्सरच्या नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, आणि समोर अजिबात नाही; बाजूला, ४५ अंशांत. समोर धरला तर आवाजाच्या आधी गरम वायूचा झोत माइकच्या पडद्यावर आदळतो आणि हाती लागते नुसती फडफड. हे अंतर आणि हा कोन आम्ही शोधलेला नाही. उभ्या गाडीच्या सायलेन्सरचा आवाज मोजायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यातही माइक इथेच असतो. गाडी कायद्यात बसते का हे जिथून तपासायचं, तिथूनच तिचा आवाज चांगला ऐकू येतो.

या जागेसाठी शुअर कंपनीचा एसएम५७ घेतला. १९६५ पासून बाजारात असलेला, ड्रम आणि गिटारच्या अँपसमोर आयुष्य काढलेला माइक. मोठ्या आवाजाला दबत नाही आणि त्याला वेगळी वीज लागत नाही.

दुसरा बोनेटखाली, एअर फिल्टरच्या डब्याजवळ. बेल्ट आणि पंख्यापासून लांब. इथे कॉलर माइक चालतो. फोमची टोपी, वर केसाळ टोपी, कापडी टेप आणि केबल टाय. वायर हलणाऱ्या किंवा तापणाऱ्या भागाला लागत नाही ना, हे दोघांनी बघायचं. एकाच्या नजरेतून काहीतरी सुटतंच. इंजिन हवा आत ओढतं त्याचा आवाज इथे सापडतो, आणि व्हिडिओवाले नेमका तोच विसरतात. पेट्रोल गाडीचा खर्जातला गुरगुराट पुष्कळदा मागून येत नाही, तो इथून येतो.

तिसरा आत, दोन सीटच्या मधे, कानाच्या उंचीवर. काचा वर, एसी बंद, ब्लोअर बंद. आतल्या माइकबद्दल एक इशारा. काही महागड्या गाड्या इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरवर वाजवतात. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये हे केलं होतं. अशा गाडीत बसून तुम्ही इंजिन टिपता असं समजता आणि टिपता म्युझिक सिस्टिम.

रेकॉर्डर ३२-बिट फ्लोटचा, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच वेळी पेलणारा, असेल तर पातळी चुकली तरी मागाहून सावरता येते. मात्र आवाज माइकमध्येच फाटला असेल तर कुठलाही रेकॉर्डर तो शिवून देत नाही. हे दुकानदार सांगत नाही.

[गाडी उभी. न्यूट्रलमध्ये रेस.]

आणि हा सगळ्यांचा लाडका शॉट. न्यूट्रलमध्ये रेस. ऐकायला बरा, पण खोटा. इंजिनावर ओझंच नाही, तर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जेमतेम उघडला की आरपीएम चढतात. आत जाणारी हवा कमी, बाहेर येणारा दाबही कमी. गाडी खरी बोलते ती ओझ्याखाली. घाटात हे आपोआप होतं, पण नागपूर पडलं सपाट. मग करायचं असं : तिसरा गिअर, ताशी तीसचा वेग, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण खाली. वेग मर्यादेत राहतो आणि इंजिन मात्र पूर्ण ताकद लावतं.

[आवाज : तिसरा गिअर, तीस ते साठ. प्रथम मागचा माइक, मग बोनेटखालचा, मग दोन्ही.]

"हे आपलीच गाडी आहे का बे?" मागच्या सीटवरून गाडीमालकाने विचारलं. त्याला आम्ही गप्प बसायला सांगितलं होतं. तो टेक वाया गेला, पण प्रश्न ठेवून दिला.

चालत्या गाडीवर मागचा माइक नळीजवळ राहू शकत नाही. तो नंबर प्लेटच्या वरच्या खोबणीत जातो, नळीच्या विरुद्ध बाजूला, जिथे बंपरच्या आड वारा कमी लागतो. तरी साठच्या पुढे वारा जिंकतोच. रस्त्याच्या कडेला उभं राहून टिपलेली गाडी हा आणखी वेगळा प्रकार. साठच्या वेगाने समोरून येऊन निघून जाताना तिचा सूर पेटीवरच्या दीड पट्टीहून थोडा जास्त उतरतो. हा उतार संगणकावर खोटा करता येतो आणि खोटा ओळखूही येतो, कारण त्यासोबत टायरचा, हवेचा आणि इंजिनाचा तोल जसा बदलतो, तसा बदललेला नसतो.

[मे महिना. झाडाखाली उभी तीच गाडी. रेडिएटरचा पंखा जोरात.]

हेच काम उन्हाळ्यात करून बघितलं. पारा पंचेचाळीसला टेकला की इंजिन गरम होताच रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि बोनेटखालचा माइक निकामी. एसी लावला तर पंखा आधीच हजर. गाडीच्या मिस्त्रीचा सल्ला असा : गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना माइक तयार ठेवा, पंखा लागायच्या आत जे मिळेल ते घ्या. सल्ला पक्का आहे. थंड इंजिन सुरू होताना आयडलिंग मुद्दाम वर ठेवलं जातं, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. त्या पहिल्या मिनिटातला आवाज दिवसभर पुन्हा मिळत नाही. मे महिन्यातही मिळतो, जरा कमी. फक्त हे काम बंद गॅरेजमध्ये करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो.

आणि गल्लीतही नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ ही मर्यादा आहे. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. सायलेन्सर बदलला असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहेच : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. एवढ्या पैशांत एक बरा माइक येतो.

[संगणकाचा पडदा. तीन माइकच्या आवाजाच्या तीन पट्ट्या.]

शेवटी जुळवणी. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. पुढचा आणि मागचा माइक साडेतीन मीटर दूर, म्हणजे दहाएक मिलिसेकंदांचा फरक. दोन्ही पट्ट्या तशाच एकत्र वाजवल्या तर खालचे सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ येतो. एक पट्टी थोडी सरकवा, पोट परत भरतं. वाऱ्याची घरघर काढायला खालच्या सुरांचा भाग कापतात, तो ३० हर्ट्झच्या वर कापू नका. आवाज दाबून दाबून मोठा करण्यातही अर्थ नाही. यूट्यूब फार मोठा आवाज स्वतःच खाली आणतं, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं माप) आसपास. मग दाबलेला आवाज नुसता चपटा उरतो.

फाइलला नाव देताना गाडी, गिअर, आरपीएम आणि माइकची जागा लिहा. महिनाभराने "नवीन आवाज फायनल दोन" मध्ये काय आहे, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

[तीन पट्ट्या एकत्र. तिसरा गिअर, तीस ते साठ. नावं वर सरकतात.]