गोकूच्या नावातलं शून्य

(पडद्यावर: टोकियोतल्या सुपरमार्केटमधला भाजीचा कप्पा. कॅमेरा गाजरांपाशी थांबतो.)

'ड्रॅगन बॉल' या जपानी मालिकेचा नायक गोकू. त्याला नावं दोन. पृथ्वीवर तो सोन गोकू, आणि ज्या जमातीत जन्मला त्यांच्यासाठी काकारोट. यातलं काकारोट आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. ते आहे कॅरट. गाजर.

त्याचा भाऊ रॅडिट्झ म्हणजे रॅडिश, आपला मुळा. नापा म्हणजे जपानीत पालेभाजी. आणि राजपुत्र वेजिटा? त्याच्यासाठी तर अख्खं 'व्हेजिटेबल' मोडून ठेवलंय. या सगळ्यांची जमात साइया. जपानीत भाजीला म्हणतात यासाई. अक्षरांची अदलाबदल करा, साइया तयार. ग्रहांमागून ग्रह बेचिराख करणारी ही लढवय्यी जमात म्हणजे मंडईतला वाटा आहे.

अकिरा तोरियामा यांनी १९८४ मध्ये एका साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली, १९८६ मध्ये ती टीव्हीवर आली, आणि नावं ठेवताना ते बहुतेक वेळा स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. गोकूचा मुलगा गोहान, म्हणजे शिजवलेला भात. जपानीत जेवणालाही तोच शब्द. खलनायक फ्रीझा हा सरळसरळ फ्रीजर. त्याचे हस्तक झार्बन आणि दोदोरिया म्हणजे पपनस आणि ड्युरियन. गिन्यूची पलटण दूधदुभत्याची: ग्यून्यू म्हणजे दूध, त्याचा झाला गिन्यू, आणि त्याच्या हाताखाली क्रीम, लोणी, चीज, दही. फ्रीजरच्या पदरी फळं आणि दूधदुभतं, हिशेब चोख आहे.

आपल्याकडे हिंदी डबिंगमधून ही मालिका पाहणाऱ्यांना ही नावं भारदस्त वाटली. फ्रीझाचं नाव ऐकून अंगावर काटा यायचा. जपानी पोरगं मात्र त्याच नावाला हसत होतं आणि घाबरतही होतं. दोन्ही एकदम. तोरियामांना बहुधा तेच हवं असावं.

अमेरिकेत वेगळाच घोळ. कथेत मिस्टर सॅटन नावाचा एक बढाईखोर पैलवान आहे. मुलांच्या कार्यक्रमात सैतान नको म्हणून इंग्रजीत त्याचा हर्क्यूल केला. पण त्याच्या मुलीचं नाव व्हिडेल, 'डेव्हिल'ची उलटापालट. बापाचं नाव बदललं आणि लेकीच्या नावातला विनोद अनाथ झाला.

(पडद्यावर: जुनं चिनी लाकूडठशाचं चित्र. हातात सोटा घेतलेला वानर.)

आता दुसरं नाव. सोन गोकू हे तोरियामांनी घडवलेलं नाही. सोळाव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीत, पश्चिमेच्या यात्रेच्या कथेत, सुन वुकोंग नावाचा वानरराजा आहे. तीच तीन अक्षरं जपानी माणूस वाचतो ती सोन गोकू अशी. 'गो' म्हणजे बोध होणं. 'कू' म्हणजे शून्य. ज्याला शून्यतेचा बोध झाला, तो गोकू.

वानराला हे नाव देतात त्याचे पहिले गुरू, आणि त्या गुरूंचं नाव आहे सुभूती. हे नाव बुद्धाच्या एका शिष्याचं: वज्रच्छेदिका सूत्रात बुद्धाला प्रश्न विचारणारा, शून्यता ज्याला सर्वांत नीट उमगली असं परंपरा मानते तो. म्हणजे नाव ठेवणाऱ्यानं आपल्या अभ्यासाचाच विषय शिष्याच्या कपाळी लिहिला. 'रूपं शून्यता' या प्रज्ञापारमिताहृदय, म्हणजे हृदयसूत्रातल्या वाक्याचं चिनी भाषांतर झालं, तेव्हा शून्यतेसाठी हेच 'कू' अक्षर वापरलं गेलं. जपानच्या मंदिरांत ते सूत्र आजही म्हटलं जातं. आणि आपल्या गल्लोगल्लीच्या कराटे क्लासच्या फलकावर जो शब्द असतो, त्यातला 'कारा'ही तेच अक्षर: रिकामा हात.

लगेच हनुमानाकडे उडी मारू नका. वुकोंग हा हनुमानावरून आला का, यावर चीनमध्येच गेली शंभर वर्षं वाद आहे. अभ्यासक हू श यांनी हनुमानाकडे बोट दाखवलं, लेखक लू शुन यांनी चिनी दंतकथेतल्या एका जलराक्षसाकडे. वानर कुणाचा ते भांडत बसोत. नाव मात्र बौद्ध आहे, त्यात दुमत नाही.

कादंबरीतला वानर ज्या भिक्षूचा अंगरक्षक आहे, तो भिक्षू खरा होऊन गेला. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला ह्युएनत्संग म्हणून वाचलं. यात्रेतली 'पश्चिम' म्हणजे भारत. सुमारे ६४१ साली तो महाराष्ट्रात आला, तेव्हा राज्य चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचं. इथल्या लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय: मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. आणि सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूला तसं कळवतात, मग दोघं शस्त्रं घेऊन समोरासमोर. समोरच्याची पूर्ण ताकद येईपर्यंत थांबणारा गोकू ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वाचून हसू आवरणार नाही. योगायोगच आहे, पण झकास आहे.

६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन तो चीनला परतला, आणि 'कू' अक्षराचं ते हृदयसूत्राचं भाषांतर त्याच्याच नावावर आहे.

(पडद्यावर: निळं मांजर. डोक्यावर बांबूकॉप्टर.)

डोरेमॉनचं थोडक्यात. 'दोरा' हे भटक्या मांजराला म्हणतात त्यातलं, आणि 'एमोन' ही जुन्या काळच्या पुरुषी नावांची शेपटी. आपल्याकडे ही मंडळी आली ती नावांसकट. अमेरिकेत २०१४ मध्ये नोबिताचा नोबी झाला, जियानचा बिग जी. व्हिएतनाममध्ये शिझुकाची शुका. पण सगळ्यांवर कडी चिनी भाषांतरकारांची. नोबिताला त्यांनी म्हटलं ताश्युंग, महान वीर. चीनमधल्या बौद्ध मंदिराच्या मुख्य सभामंडपाच्या नावात हाच शब्द असतो, कारण तो 'महावीर' या बुद्धाच्या संस्कृत विशेषणाचा अनुवाद आहे. जियाननं हात उगारला की रडत घरी पळणारा हा महावीर.

(पडद्यावर: पौर्णिमेचा चंद्र.)

'सेलर मून' या जपानी मालिकेच्या नायिकेचं नाव त्सुकिनो उसागी. 'त्सुकि नो उसागी' असं तोडून म्हटलं की अर्थ होतो चंद्रावरचा ससा. इंग्रजीत तिची सेरिना केली आणि ससा पळाला. फ्रेंच, जर्मन, इटालियनमध्ये ती बनी, म्हणजे ससा राहिला पण चंद्र गेला. मराठीत कुणाला भाषांतर करायचं असतं तर शशांकच्या आसपास काहीतरी आयतं मिळालं असतं. ज्याच्या अंगावर सशाची खूण तो चंद्र, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. स्वतःला आगीत झोकून याचकाची भूक भागवणाऱ्या सशाला शक्रानं, म्हणजे इंद्रानं, चंद्रावर कोरलं, ही जातककथा जपानमध्ये बाराव्या शतकातल्या कथासंग्रहात आहे, तीही भारताच्या विभागात. जपानी ससा मात्र तिथे वर उखळात भात कुटत बसलेला असतो.

उसागीच्या मैत्रिणी एकेका ग्रहाच्या योद्ध्या, आणि त्यांची आडनावं आणखी मजेची. बुधाची योद्धा मिझुनो, त्यात 'मिझु' म्हणजे पाणी. मंगळाची हिनो, त्यात 'हि' म्हणजे आग. गुरूची किनो, त्यात 'कि' म्हणजे झाड. जपानीत बुध हा पाण्याचा ग्रह, मंगळ आगीचा, गुरू लाकडाचा, आणि त्यांचे वारही तेच: बुधवार पाण्याचा, मंगळवार आगीचा. क्रम अगदी आपला. ग्रहवारांची ही मोजणी सांगणारा ग्रंथ चीनहून जपानला नेला भिक्षू कूकाईनं, ८०६ मध्ये. तो चिनीत रचला अमोघवज्र या भिक्षूनं, भारतीय ज्योतिषाच्या आधारे. आता वार हे काही आपल्या मातीत उगवलेले नाहीत, ते आपल्याकडेही पश्चिमेकडून आले.

शुक्राची योद्धा मीनाको या रांगेत बसत नाही. शुक्र जपानीत सोन्याचा ग्रह, शुक्रवार सोन्याचा वार, तेव्हा तिच्या आडनावात सोनं हवं होतं. पण ती आहे आइनो, प्रेमाची. सेलर मूनच्या लेखिका नाओको ताकेउची यांनी या एका ठिकाणी पंचांग बाजूला ठेवलं आणि रोमनांच्या व्हीनसला आत घेतलं.