कॅलिफोर्नियाहून आलेला मुलगा

मंडळी, कोजागरीच्या दुधाआधी मरणाचा विषय काढतोय, त्याबद्दल आधीच माफी. 'काहीही बोला, दहा मिनिटं आहेत,' असं समितीनेच सांगितलंय.

अमेरिकेतल्या डॉक्टरांमध्ये एक शब्दप्रयोग आहे, 'डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया'. १९९१ साली तो एका वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. म्हातारं माणूस शेवटच्या टप्प्यावर असतं, जवळच्यांनी मनाची तयारी केलेली असते. आणि लांब राहणारी लेक विमानातून उतरते नि डॉक्टरांना धारेवर धरते, 'सगळं करा!' कॅलिफोर्नियातले डॉक्टर तिलाच न्यूयॉर्कची म्हणतात म्हणे. आपण तर अस्सल कॅलिफोर्नियाचे. आणि ती लेक म्हणजे मी होतो.

माझे वडील, अण्णा, ८४ वर्षांचे, सांगलीत आयसीयूत. सहा वर्षं त्यांचं सगळं अंथरुणातच चाललेलं, ते धाकट्या भावाने आणि वहिनीने काढलं. भाऊ म्हणाला, "दादा, आता घरी नेऊया." मी बॅगसुद्धा न उघडता म्हणालो, "पैशाची काळजी करू नकोस, व्हेंटिलेटर लावू दे." जणू अडचण पैशाची होती! वहिनी तेव्हा काहीच बोलली नाही. अजूनही त्यावर बोलत नाही.

अकरा दिवस. नळी उपटतील म्हणून अण्णांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने कॉटच्या दांडीला बांधलेले. बशीतून फुरके मारत चहा पितो म्हणून जन्मभर आईची बोलणी खाल्लेला माणूस. शेवटी ओल्या कापसाने ओठ टिपायचे, एवढंच. त्यांना काय हवं होतं? ठाऊक नाही. शुद्धीत होते तोवर कुणी विचारलंच नाही. आपल्यात असं विचारणं म्हणजे अभद्र बोलणं.

भारतातला कायदा आता बराच पुढे आलाय. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं बेशुद्धावस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली असे उपचार थांबवण्याचं दार किलकिलं झालं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, पण सही मॅजिस्ट्रेटसमोर हवी होती. एवढ्यासाठी कोण कोर्टाची पायरी चढणार? जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. यात इंजेक्शन देऊन मारणं नाही हो. बरं होण्याची आशा संपल्यावर नको असलेली यंत्रं नाकारणं, इतकंच. डिसेंबरात घरी जाल तेव्हा आईबाबांकडे विषय काढा, आणि जवळ राहणाऱ्या भावंडाला शेजारी बसवून काढा.

आपलं स्वतःचंही उरकून टाका. कॅलिफोर्नियात अशाच लेखी इच्छापत्राला, 'ॲडव्हान्स हेल्थ केअर डायरेक्टिव्ह'ला, वकील लागत नाही. नोटरी नाहीतर दोन साक्षीदार. त्यातला एक तरी नात्याबाहेरचा हवा, आणि तुमच्यावर उपचार करणारे डॉक्टर चालत नाहीत. माझा फॉर्म मी मुलीला वाचून दाखवला. ती सिॲटलला असते, म्हणजे विमानाने येणारी तीच. ती म्हणाली, "बाबा, आज नको ना." मी म्हटलं, आजच.

फॉर्म मसाला दुधाच्या टेबलाजवळ ठेवलेत. नात्याबाहेरचे साक्षीदार या हॉलमध्ये दीडशे तरी असतील. पेन मात्र स्वतःचं आणा, मंडळाची पेनं परत येत नाहीत.