माझं मत टोनी आयोमीला

नमस्कार मंडळी! आजचा विषय सरळ सरळ भांडणाचा आहे. आवडता रॉक गिटारिस्ट कोण? चार मित्रांत हा प्रश्न टाकून बघा, चहा गार होतो पण निकाल लागत नाही, कारण प्रत्येकाचं माप वेगळं, कुणाला स्पीड पाहिजे, कुणाला रडवणारा सोलो (गाण्यातला गिटारचा एकटीचा तुकडा) पाहिजे, कुणाला स्टेजवरचा राडा.

जिमी हेंड्रिक्सचं नाव आधी येणारच. १९६९ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत असं वाजवलं की त्यात बॉम्ब पडताना ऐकू येतात. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर म्हणाल तर 'कम्फर्टेबली नम्ब'चा शेवटचा सोलो अख्खा गुणगुणता येतो, किती सोलोंबद्दल असं म्हणता येईल? आणि ब्रायन मे, आपल्या पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन बँडचा, त्यानं तर वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरून, आणि वाजवतो प्लेक्ट्रमऐवजी (तारा छेडायची छोटी चकती) सहा पेन्सच्या नाण्यानं! सगळे ग्रेटच, वादच नाही.

पण माझं माप वेगळंय. सोलो काढून टाका, गाणाराला जरा गप्प बसवा, मग नुसती गिटार गाणं उभं ठेवते का ते बघा. आणि दुसरं म्हणजे त्या माणसानंतर बाकीच्यांच्या गिटारचा आवाज बदलला का? या दोन्हीत माझ्याकडं एकच नाव उरतं, ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडचा टोनी आयोमी.

जन्म १९४८, गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, म्हणजे कारखान्यांचं शहर. हा १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलेलं आणि नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तर म्हणतो आता परत जात नाही, आई म्हणाली काम पुरं करून ये. गेला. मशीनवरचा नेहमीचा माणूस आलेला नव्हता म्हणून याला उभं केलं, आणि मशीननं उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. आता हा डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा! संपलंच की सगळं.

तिथल्या मॅनेजरनं त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत भाजून निकामी झाली होती, तरी उरलेल्या दोन बोटांवर तो असले सोलो वाजवायचा की बास. मग आयोमीनं भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या केल्या, घासून घासून बोटांना बसवल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं.

आता इथं लोक जिद्द वगैरे सुरू करतात आणि मला खरं सांगू का, कंटाळा येतो. जिद्द होतीच हो, पण मजा पुढं आहे. प्लास्टिकच्या टोपीला तार कळत नाही, किती दाबायची तेही कळत नाही, आणि जाड तार ओढताना बोट दुखतं. म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा लावल्या, कारण तेव्हा गिटारच्या एवढ्या बारीक तारा दुकानात मिळत नव्हत्या. पुढं पुढं तारा चक्क सैल सोडल्या. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त बऱ्याच गाण्यांत गिटार तीन पट्ट्या खाली आहे, पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनची जाड तार काळी एकवर उतरवली. बोटांना आराम मिळाला आणि आवाज गेला खर्जात, जड, पोटात बसणारा. त्यात पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे बरेच सूर, धरायला अवघड म्हणून नुसते सा आणि प दाबायचे, आणि अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) फुल सोडल्यावर तेच जास्त स्वच्छ लागतात, गंधार घातला की सगळा गचका होतो. आज हेवी मेटल म्हणून जे काही वाजतं ना, ते बरंचसं इथून आलंय.

अजून एक गंमत. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम, फेब्रुवारी १९७०, साधारण एका दिवसात रेकॉर्ड केलेला. त्यातलं पहिलंच गाणं तीन सुरांवर उभंय: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. आपल्याला तीव्र मध्यम म्हटलं की यमन आठवतो, संध्याकाळ, गोडवा. हा बाबा तिथं येऊन थांबतो, थरथरवतो, सुटकाच देत नाही, आणि तोच सूर अंगावर काटा आणतो! सूर तोच हां, फक्त शेजारी कोण बसवलंय त्यावर सगळं.

बरं, वकिली करतोय म्हणून आंधळा नाही मी. सोलोमध्ये तो गिलमोरच्या जवळपास जात नाही, कधीकधी तेच तेच वाजवतो, मान्य. पण रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा छोटा तुकडा? 'पॅरानॉइड'चा रिफ म्हणे बाकीचे जेवायला गेले तेवढ्यात सुचला, अल्बममध्ये जागा उरली होती म्हणून भरतीचं गाणं, आणि तेच सगळ्यात जास्त चाललं. ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर बँडचे मूळचे चौघं शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले, गायक ऑझी ऑस्बॉर्न तर सिंहासनावर बसून गायला आणि १७ दिवसांनी गेलाच. आयोमी तेव्हा ७७चा, आणि रिफ जसेच्या तसे.

तर आता लावतोय 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', त्याच सैल तारांवरचं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर प्लीज हेडफोन लावा, नाहीतर खालचा अर्धा आवाज येणारच नाही, आणि मग मला शिव्या घालाल.