थिंबल ठोकू नका, दाबा!

नमस्कार मंडळी! ई-बाहाच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांनी बनवलेल्या इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेच्या, टीम जमायला लागल्या की कमेंटमध्ये एकच धोशा असतो: 'दादा, वायरिंगवर व्हिडिओ टाका.' घ्या, टाकला. आणि ते 'बाजा' नाही, 'बाहा'. दर वर्षी सांगतो.

सर्किट डायग्राम सगळ्यांकडे असतो, म्हणून भरभर. 48 व्होल्टची बॅटरी, तिला चिकटून फ्यूज, मग कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा), मोटर. हॉर्न-लाइटला डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून 12 व्होल्ट. किल स्विच दाबला की कॉन्टॅक्टर उघडला पाहिजे, म्हणजे करंट तुटला पाहिजे. झालं.

खरं दुखणं इथे आहे. ही 35 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर, ही तिच्या टोकाची थिंबल, म्हणजे वायर बोल्टला जोडायचं भोकवालं धातूचं टोक. थर्ड इयरला मी ही छिन्नी-हातोडीने ठोकली होती. गाडी स्टँडवर, चाकं गरगर फिरतायत, आम्ही खुशीत वडापाव मागवले. स्पर्धेसाठी पीथमपूरला निघायच्या आठ दिवस आधी गाडी पहिल्यांदा चढावर घातली आणि जळक्या प्लास्टिकचा वास! कंट्रोलर गेला म्हणून अर्धी रात्र तोच उघडून बसलो. निघाली थिंबल.

स्टँडवर का नाही कळलं? तिथे लोड नाही, करंट किरकोळ. चढावर 150 अँपिअर. ढिल्या जोडात फक्त 1 मिलिओहम धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध, 22.5 वॅट. म्हणजे तुमची 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न त्या थिंबलमध्ये खोचून चालू ठेवल्यासारखं! करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

'मग सोल्डर करू का?' नको रे बाबांनो! साधं सोल्डर 183 अंशांना मऊ पडायला लागतं. शिवाय ते तारांमध्ये वर चढतं, वायर तिथे कडक होते आणि खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते. एकाने लिहिलंय, 'आमची तीन वर्षं टिकली.' टिकली असेल, शोकेसमध्ये.

पटत नसेल तर एक ठोकलेली आणि एक हायड्रॉलिक क्रिम्परने (थिंबल वायरवर दाबून बसवायच्या हत्याराने) दाबलेली थिंबल हॅकसॉने आडवी कापा. ठोकलेलीत तारांमधून उजेड दिसतो, दाबलेलीत तांबं एकजीव. क्रिम्पर नसेल तर वायर मापाने कापून इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्याकडे न्या.

आणि हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) आधी वायरवर सरकवायची, मग दोन्ही टोकांना थिंबल दाबायची.

...थांबा. ही बघा. दोन्ही टोकं दाबून झाली आणि स्लीव्ह टेबलावर.