पटल तापवलं की नेमकं काय पातळ होतं?

नमस्कार मंडळी! स्क्रीनवरचा हा गोळा बघा. लिपिडचा, म्हणजे पेशीच्या पटलात असतात तसल्या स्निग्ध रेणूंचा, पोकळ फुगा आहे, केसाच्या जाडीहून लहान. त्याची भिंत, म्हणजेच पटल, दोनच रेणूंची, साधारण 4 नॅनोमीटर जाडीची. चमकतोय त्या भागात रंगद्रव्य शिरलंय. काळ्या गोल ठिपक्यांत मात्र त्याला फारशी जागा मिळालेली नाही. ठिपके तरंगतायत, एकमेकांना भिडून एकजीव होतायत. म्हणजे दोन्ही भाग द्रवच. एकाच भिंतीत दोन वेगळे द्रव! यालाच फेज सेपरेशन म्हणतात.

भिंतीत तीन प्रकारचे रेणू आहेत. डीपीपीसी या लिपिडच्या शेपट्या सरळ, संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या. एकटं असेल तर ते 41 अंशांखाली थिजतं. डीओपीसी या दुसऱ्या लिपिडच्या शेपट्यांत दुहेरी बंध, त्यामुळे बाक, त्यामुळे दाटीवाटीनं बसणं जमत नाही. ते थिजायला उणे 17 च्या आसपास जावं लागतं. तिसरं कोलेस्टेरॉल. ते सरळ शेपट्यांच्या सोबतीला जातं, त्यांना ताठ ठेवतं, पण पूर्ण थिजूही देत नाही. काळे ठिपके म्हणजे हीच शिस्तीतली वस्ती. तिथली श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, बाहेरच्या सैल भागापेक्षा बरीच जास्त असते.

आता तापवूया. उष्णतेनं रेणूंची हालचाल वाढते, श्यानता उतरते. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मला वाटतं खरी गंमत इथेच निसटते. कारण तापमान रेणूंची जागाही बदलतं! सरळ शेपट्यांचे रेणू ठिपक्यातून बाहेर येतात, बाकदार आत शिरतात. म्हणजे ठिपका दोन कारणांनी पातळ होतो. सैल भागात मात्र ओढाताण चालते: उष्णता पातळ करतेय, नवे आलेले रेणू दाट करतायत. म्हणून तिथली श्यानता तितक्या वेगानं पडत नाही. दोघांमधला फरक कमी कमी होत जातो. मिश्रणाचं प्रमाण अगदी नेमकं जुळलेलं असेल, तर ठिपक्यांच्या कडा आधी थरथरायला लागतात... आणि बघा, ठिपके गेले. सगळीकडे एकच द्रव.

हे मोजायचं कसं? ठिपक्याच्या भटकण्यावरून. 1975 साली सॅफमन आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कमी जाडीच्या पटलात लहान वस्तू किती वेगानं भटकेल हे तिच्या आकारावर फार थोडं अवलंबून असतं, फक्त लॉगॅरिदमनं. आकार दुप्पट केला तरी वेग जेमतेम कमी होतो. तिथे वेग ठरतो मुख्यतः पटलाच्या श्यानतेवर. ठिपका खूप मोठा झाला की मात्र आजूबाजूचं पाणीच त्याला जास्त अडवतं. त्यामुळे छोटे-मोठे, सगळ्या आकारांचे ठिपके कॅमेऱ्यानं टिपायचे, तापमान बदलत राहायचं आणि गणित जुळवायचं.

आणि जिवंत पेशी? 1974 मध्ये सिनेन्स्की या संशोधकानं ई. कोलाय जिवाणू 15 ते 43 अंशांपर्यंत वेगवेगळ्या तापमानांना वाढवले. ज्या तापमानाला जो वाढला, त्या तापमानाला त्याच्या पटलातल्या लिपिडची श्यानता जवळपास सारखीच निघाली! थंडीत हा जिवाणू बाकदार शेपट्या जास्त बनवतो. त्याचं एक विकर गारव्यात या कामाला जास्त जोर लावतं. ते आधीपासून पेशीत तयारच असतं, त्यामुळे नवं जनुक चालू होण्याची वाटसुद्धा बघावी लागत नाही.