टिकलीवाला की स्वल्पविरामवाला?

[रात्र. संत्राबाग. बॅटरीचा झोत.]
अश्विन महिना. वरुडकडच्या एका बागेत रात्री आठपासून उभे आहोत. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची फळं रंगावर आलीत. झोत फिरला की पानांआड दोन निखारे पेटतात. ते पतंगाचे डोळे.

[फळावर बसलेला पतंग, अगदी जवळून.]
मिटलेले पंख बघा. तपकिरी, मधोमध शिरेसारखी रेघ. वाळकं पानच चिकटलंय म्हणाल. असा बसलेला असताना ओळख पटवणं कठीण. म्हणून बागेत सगळ्यांना मिळून एकच नाव, रसशोषक पतंग.

[सोंड सालीत शिरते.]
एरवी पिकाचं नुकसान अळी करते. इथे कारभार उलटा, अळीचा संत्र्याशी संबंधच नाही. पतंगाची सोंड टणक, टोकाला काटे. साल भेदून थेट आत.

[पंख उघडतात. संथ गती.]
आता थांबा… हं! मागचे पंख. झेंडूसारखे नारिंगी. काळ्या किनारीवर जाऊ नका, ती टिकलीवाला आणि स्वल्पविरामवाला, या दोन्ही जातींना आहे. मधला डाग बघा. गोल, कुंकवाच्या टिकलीसारखा, म्हणजे युडोसिमा मटेर्ना.

[दुसरा पतंग.]
आणि हा? डाग वाकलाय, स्वल्पविरामासारखा. हा युडोसिमा फॅलोनिया. जुन्या पुस्तकांत तो ऑथ्रिस फुलोनिया म्हणून भेटेल. नाव बदललं, पतंग तोच. होमेना नावाचा तिसराही असाच वाकडा डाग मिरवतो, पण तो काही आमच्या झोतात आला नाही.

[सकाळ. कुंपण. गुळवेलीवर अळी.]
ही यांची अळी. पाठीची कमान करत चालते. कुशीवर दोन-दोन डोळे, तेही खोटे. खरे डोळे पुढे, इवलेसे. बोट जवळ नेलं की डोकं खाली दुमडते आणि खोटे डोळे आपल्यावर रोखते. खाणं गुळवेल, वासनवेल. म्हणून बागेभोवतीच्या या वेली उपटा, असा सल्ला शेतकऱ्याला मिळतो. करोनाकाळात काढ्यासाठी जिच्या कांड्या शोधत लोक वणवण फिरले, तीच ही गुळवेल.

[झाडाखाली पडलेली फळं.]
भोक पडलेलं फळ सडतं, गळतं.

[हातात एक फळ.]
हे अजून ताजं आहे. दाबलं की टाचणीएवढ्या भोकातून रस येतो. रात्री यावर टिकलीवाला बसला होता.