आरशाचं घर

(पांढरी मारुती ८००. उजव्या आरशाभोवती तपकिरी चिकटपट्टीचे वेढे.)

काच शाबूत आहे. तडकलंय ते तिच्याभोवतीचं काळं प्लॅस्टिकचं घर. चष्म्याला असतं ना, तसंच आरशालाही असतं.

गाडी १९९८ची. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या काळी बऱ्याच गाड्यांना कंपनीकडून डावा आरसा मिळतच नसे. हौस असेल त्याने बाहेरून बसवून घ्यायचा. एवढ्या कमी आरशांत देशानं गाडी चालवली, हे आज खरं वाटत नाही.

(पुण्यातली नाना पेठ. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांग.)

गाडीच्या मालकीण शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणते. बाईंनी नाना पेठेतली दुकानं पालथी घातली. उत्तर सगळीकडे एकच: "घर सुटं मिळत नाही बाई, अख्खा आरसाच घ्या."

म्हणजे चांगली काच फेकून द्यायची. का, हे कुणी सांगत नाही.

(जुना बाजार. जमिनीवर पसरलेले दिवे, मूठ, जाळ्या, आरसे.)

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी तिथे हवा तो आरसा सापडला: घर धडधाकट, काच फुटलेली. बाईंच्या आरशाच्या अगदी उलट! घेताना एकच गोष्ट बघायची, दाराला टेकणारा त्रिकोणी पाया उजव्या बाजूचा आहे ना. डावा आरसा कितीही फिरवला तरी उजवा होत नाही.

(गॅरेज. मिस्त्रींचे हात, जवळून.)

आता आतल्या बाजूने. दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचं त्रिकोणी झाकण आहे. पट्टीच्या स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून मिस्त्री ते हलकेच उचलतात. इतक्या वर्षांचं ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक बिस्किटासारखं होतं, जोर लावला की तुकडा हातात. टक्. खिळी सुटली.

खाली तीन स्क्रू. तिसरा गंजलाय. गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं. मिस्त्री चहा मागवतात, आम्हालाही.

तोवर एक चिंधी दाराच्या भोकात कोंबली जाते. स्क्रू निसटून दाराच्या पोटात पडला तर दार उघडत बसा! शेवटचा स्क्रू सोडताना एक हात बाहेरून आरशाखाली. हा हात नसला, तर शाबूत काचही रस्त्यावर.

(काच. केस वाळवायचं यंत्र. नायलॉनचा दोरा.)

हे काम बघत राहावं असं आहे. काच मागच्या पत्र्याला दुहेरी चिकटपट्टीने डकवलेली. आधी काचेच्या तोंडावर चिकटपट्टीची फुली, म्हणजे तडा गेलाच तर तुकडे उडणार नाहीत. मग गरम हवा. पट्टी मऊ झाली की नायलॉनचा दोरा काचेमागे सरकवून करवतीसारखा ओढायचा. डावीकडे, उजवीकडे. घाई नाही.

(आवाज तसाच राहू द्या.)

काच सुटली. बाई ती पदराने पुसतात.

जुन्या बाजारातल्या घरातून फुटकी काच काढली, पत्रा स्पिरिटने पुसला, नवी पट्टी लावली आणि काच तिच्या दुसऱ्या घरात गेली. दारावरचा मूळ रबर मात्र भुगा झालाय. तो नसला तर पावसाचं पाणी थेट दारात उतरतं. मिस्त्रींनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून त्रिकोण कापला. हा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि अडतही नाही.

तीनही स्क्रू थोडे थोडे, आलटूनपालटून आवळायचे. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर पाया तिरका बसतो आणि कोपऱ्यातून चिरतो.

चिकटपट्टीच्या दिवसांत आरसा हलायचा, मागून येणारी दुचाकी दोनदा अगदी जवळ येईपर्यंत दिसली नाही. त्यानंतर बाईंनी गाडी बाहेर काढणंच सोडलं होतं. पण पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीसाठी गाडी तपासायला न्यावी लागते.

(बाई चालकाच्या जागी.)

आता जुळवणी. क्षितिज साधारण मध्यावर, आणि स्वतःच्या गाडीची कड आतल्या बाजूला जेमतेम दिसेल एवढीच. "अजून जरा बाहेर, बाई." "एवढं?" "बास."

(गाडी मागे येतेय. कॅमेरा आरशावर.)

आरशात मिस्त्री दिसतात. हात हलतोय. येऊ द्या, येऊ द्या.

(निवेदन इथे थांबतं. फक्त इंजिनचा आवाज.)